कोडमधल्या याद्या हातानं लावत बसू नका

नमस्कार मंडळी! ही यादी बघा, आमच्या प्रोजेक्टमधल्या फीचर फ्लॅगची, म्हणजे एखादी सोय चालू-बंद करणाऱ्या खुणांची. मी माझ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या माझ्या वेगळ्या प्रतीवर, शेवटी एक नाव टाकलं. माझ्या सहकारी मैत्रिणीनं तिच्या ब्रांचवर नेमकं तिथेच दुसरं टाकलं. दोघींचं बरोबर, तरी दोन्ही ब्रांच एकत्र करताना गिटनं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलनं, कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) दाखवला, कारण दोन्ही बदल एकाच जागी पडले. यादी अकारविल्हे असती तर एक नाव वर गेलं असतं, एक खाली, आणि बहुतेक वेळा मर्ज, म्हणजे हे एकत्र करणं, आपोआप झालं असतं.

मग रिव्ह्यूमध्ये कोड तपासताना कोणीतरी लिहितं, "यादी नीट लावा." अहो, हे माणसानं सांगायचं कामच नाही!

गूगलचं कीप-सॉर्टेड नावाचं ओपन सोर्स टूल आहे. यादीच्या वर कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडमधल्या टिपेत, लिहायचं 'कीप-सॉर्टेड स्टार्ट', खाली 'कीप-सॉर्टेड एंड'. टूल चालवलं की मधल्या ओळी क्रमानं लागतात आणि तंतोतंत सारख्या दोन ओळी असल्या तर एकच उरते. एखाद्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंट असेल तर ती त्या ओळीबरोबरच हलते. मला हे सगळ्यात आवडतं. एडिटरचं साधं सॉर्ट वापरून बघा, सगळ्या कॉमेंट एका कोपऱ्यात गोळा होतात आणि कुठली कोणाची ते कळत नाही. हे टूल प्री-कमिट हुकमध्ये बसवा, तो बदल नोंदवण्याआधी आपोआप चालतो, म्हणजे लक्षात ठेवायलाच नको.

'आयटम 10' हे 'आयटम 2'च्या आधी आलं तर घाबरू नका, तुलना एकेका अक्षराची होते. न्यूमेरिक पर्याय चालू करा, मग आकडे संख्या म्हणून धरले जातात.

पण दिसेल त्या यादीला हे लावू नका. जँगो या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमधली मिडलवेअरची, म्हणजे येणारी प्रत्येक विनंती ज्यांतून क्रमानं जाते त्या टप्प्यांची, यादी घ्या. ऑथेंटिकेशनला (कोण लॉगिन झालंय ते ओळखायला) सेशन, म्हणजे त्या भेटीची साठवलेली माहिती, आधी लागतं. अकारविल्हे लावलं तर 'ऑथ'चा ए येतो 'सेशन्स'च्या एसआधी, आणि लॉगिनचं गाडं तिथेच अडतं. म्हणून स्टार्ट आणि एंडच्या त्या दोन कॉमेंट लिहिताना आपण पुढच्या माणसाला सांगत असतो, की इथे ओळी पुढेमागे झाल्या तरी काही बिघडणार नाही. खात्री असेल तरच लिहा.

आणि यादीत मराठी शब्द असतील तर 'ळ' सांभाळा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या तक्त्यात, तो 'ल'च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. त्यामुळे टूल 'काळा' आधी ठेवतं आणि 'कावळा' नंतर, शब्दकोशात मात्र उलटं. कोडमध्ये हा क्रम चालेल. वापरणाऱ्याला यादी दाखवताना मात्र मराठी लोकेल, म्हणजे भाषेचे नियम सांगणारी सेटिंग, देऊन ती नव्यानं लावा.