तेरा सेकंद

(पडदा काळा. लाकडांची तडतड ऐकू येते.)

गोव्यातला सत्तरी तालुका. एप्रिलमधली अमावास्येची रात्र, पहाटेचे तीन. काजूच्या बोंडांचा आंबूस वास सगळीकडे भरलाय. हा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही.

हंगामात इथल्या काही भाट्या, म्हणजे काजूची दारू गाळायच्या भट्ट्या, रात्रीही पेटत्या असतात. भाण नावाच्या भांड्यात आंबवलेला नीरो, म्हणजे बोंडांचा रस, उकळतो, वाफ नळीवाटे लावणी नावाच्या दुसऱ्या भांड्यात उतरून थंड होते आणि उर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, ठिबकू लागतो. आग एकसारखी हवी. म्हणून भाटीवाले काका जागे आहेत. आणि ते जागे आहेत म्हणून आम्ही इथे आहोत.

ताऱ्यांखाली माणसाचं पोर्ट्रेट काढायचं, तर गोव्यात दिवस मोजकेच. आकाशगंगेचा गाभा जेव्हा ऐन संध्याकाळी वर असतो, तेव्हा पाऊस आकाश दाखवत नाही. उरतो फेब्रुवारी ते मे, आणि तोही पहाटेचा. इथूनसुद्धा पश्चिमेकडे किनारपट्टीचा उजेड फिकट चढलेला दिसतो. आपण त्याला पाठ करायची. समोर आग्नेयेला म्हादई अभयारण्याचे डोंगर आणि त्यांच्या वर वृश्चिकाची नांगी. नांगी आणि धनू राशी यांच्या मधोमध तो गाभा.

(दृश्य: ट्रायपॉडवर कॅमेरा. काका दगडावर बसतात.)

तारे काढणं सोपं. २४ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एफ १.८, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००, आणि शटर १३ सेकंद उघडं. तारे ठिपकेच राहावेत म्हणून शटर किती वेळ उघडं ठेवायचं, याचा जुना हिशेब सांगतो, ५०० ला लेन्सच्या आकड्याने भागा, म्हणजे साधारण वीस सेकंद. पण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते आणि आजचे सेन्सर तेवढंही लपवत नाहीत. विसाव्या सेकंदापर्यंत ठिपक्याची रेघ झालेली असते.

अवघड आहे तो माणूस.

पहिल्या फोटोला फ्लॅश मारला. चेहरा पांढराफटक. काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हो मतदार कार्डावरलो मी."

दुसऱ्या वेळी फ्लॅश अगदी मंद केला. चेहरा छान आला, पण फ्लॅश उडाल्यावर काम झालं असं समजून काका लाकूड सरकवायला उठले. शटर उघडंच होतं. जिथे ते बसले होते तिथे उरलेले सेकंद आकाश उमटत राहिलं, आणि फोटोत काकांच्या कपाळातून तारे आरपार दिसू लागले.

"मेलो काय रे मी?"

एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंत गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी आधार लावत, डोकं हलू नये म्हणून. तेव्हाची ती ताठर माणसं उगाच रागीट वाटतात. काकांना तसं बसवायचं नव्हतं.

मग फ्लॅश पिशवीत गेला. भाटीची आग सरळ दिसली असती तर १३ सेकंदांत फोटो जाळून टाकला असता, म्हणून ती झापाच्या आडोशाला ठेवली. घमेल्यात थोडे निखारे घेतले. दोन पावलांवर ठेवले तर चेहरा तांबडालाल. चार पावलांवर, तरीही जास्त. सातव्या पावलावर डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा उजेड राहिला, आणि कॅमेऱ्याला तेवढा पुरला.

"काका, आता हालू नका. श्वास घ्या, पण हळू."

"आणि खंय बघू?"

"लावणीकडे. रोज बघता तसं."

(१३ सेकंद निवेदन नाही. फक्त ठिबकण्याचा आवाज.)

फोटो आला. निखाऱ्यांचा तांबूस रंग गालाच्या एका बाजूला, डोक्यामागे आकाशगंगा, आणि लावणीकडे बघणारे सवयीचे, थकलेले डोळे. आम्ही खूश. कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

काकांनी फोटो मोठा करून बघितला. चेहरा ओलांडला, तारे ओलांडले, आणि बोट डाव्या कोपऱ्यावर थांबलं, जिथे झापाच्या फटीतून चुलीची एक लाल रेघ आली होती.

"आग मंदावली हा," म्हणाले, आणि कॅमेरा माझ्याकडे देऊन उठले.