हळद, साबण आणि चेहऱ्यावरचं आम्ल
(सांगलीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विषय आहे ‘चेहरा कशाने धुवावा’. पण राजापुरी हळदीची पोती बघत वाढलेल्या माणसांसमोर मी सुरुवात हळदीनेच करणार.

मिरजेला आमच्या मामेबहिणीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी तिच्या धाकट्या भावाचा पांढरा सदरा पिवळा झाला. पोरगं गुपचूप मागच्या दारी गेलं आणि दगडावर साबण घासायला लागलं. बघता बघता डाग लालभडक! कुणी तरी म्हणालं, ‘रक्त!’ मग काय, वऱ्हाडातल्या दोन आत्याबाईंना अपशकुन दिसला, ‘शांती करायची का’ म्हणून भटजींना विचारणं झालं, मामी रडायला लागली. हसताय, पण तुमच्याही घरी अशा आत्याबाई असतील. तेवढ्यात आजी आली. तिने अर्धं लिंबू डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा! ‘अगं, कुंकू कसं करतात? हळदीला चुना लावूनच ना?’ एवढं बोलून ती पुरणाकडे गेली. आजी शाळेत गेली नव्हती. पण त्या दिवशी त्या परसात आम्ल-अल्काचा धडा तिच्याइतका चांगला कुणी शिकवला नसता.

हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि पीएच साडेआठच्या आसपास गेला की तांबडं व्हायला लागतं. पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा: सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. म्हणजे तो सदरा आपल्याला सांगत होता, की साबण चांगलाच अल्कधर्मी आहे. आणि तोच साबण आपण तोंडाला लावतो!

माझी खरी तक्रार वेष्टनाबद्दल आहे. साबणाच्या कागदावर टीएफएम छापलेला असतो, म्हणजे त्यात स्निग्धाम्लं किती टक्के आहेत ते. लोक तो आकडा बघून घेतात, दुकानदारही तोच दाखवतो. पण ७६ टक्के टीएफएमच्या साबणाचाही पीएच नऊ-दहाच असतो. चेहऱ्याला ज्याच्याशी कर्तव्य आहे तो आकडा सहसा छापतच नाहीत. तो छापलाच पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो.

पीएचची मोजपट्टी सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. त्वचेवरच्या आम्लाच्या आवरणाची कल्पना शाडे आणि मार्चिओनिनी या संशोधकांची, १९२८ची. निरोगी त्वचेचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. साडेपाच आणि साडेनऊ यांत अंतर चारच पायऱ्यांचं, पण एकेक पायरी दहापट, म्हणून फरक दहा हजार पटींचा.

हे आम्ल कशाला हवं? त्वचेच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवणारी सिरॅमाइडं नावाची स्निग्ध द्रव्यं तयार करणारी विकरं (एन्झाइम) आम्लातच नीट काम करतात. पीएच चढला की उलट पेशींमधले दुवे तोडणारी विकरं जोर धरतात. साबणानंतर चेहरा ताणल्यासारखा वाटतो, त्याला आपण ‘स्वच्छ’ म्हणतो. तो कोरडेपणा असतो! पीएच पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात. निरोगी त्वचा ते सावरून घेते. इसबाची किंवा म्हाताऱ्या माणसांची त्वचा तितक्या लवकर सावरत नाही.

साबण साडेपाचला आणता येत नाही का? नाही. आम्ल घातलं की साबणाचंच पुन्हा स्निग्धाम्ल होतं, फेस मरतो. म्हणून सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटसारख्या, साबण नसूनही मळ काढणाऱ्या द्रव्यांच्या वड्या आणि फेसवॉश आले. त्यांचा पीएच खाली ठेवता येतो. लिंबू मात्र सदऱ्यावरच ठेवा. त्याचा पीएच दोनच्या आसपास, चेहऱ्याला ते झोंबतं.

घरी गेल्यावर बशीत चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि तुमच्या साबणाचा फेस त्यात टाका. तांबडं झालं तर काय ते कळलंच. पिवळं राहिलं तर एवढंच, की तो साडेआठच्या खाली आहे. साडेपाच की सात, हे हळद सांगत नाही. त्यासाठी पीएचची कागदी पट्टी घ्या, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते.