हिरडीखालचा दात

(काळी पार्श्वभूमी. एक दात संथ फिरतो आहे.)

हा वरच्या जबड्यातला सुळा. आरशात दिसतो तो एवढाच, हा वरचा चकचकीत भाग. खालचा पिवळसर, लांबलचक भाग हाडात रुतलेला असतो. पूर्ण दात साधारण २७ मिलिमीटर, त्यातले १७ मुळाचे. तोंडातलं सगळ्यात लांब मूळ याचंच. आणि तरी दात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते हे वरचे १० मिलिमीटर.

(ट्रे. रांगेत मांडलेले दात.)

पहिल्या रांगेत वरचे पटाशीचे दात. एक मूळ, सरळ, शेंड्याकडे निमुळतं. आत बहुधा एकच नलिका. यांच्यापाशी फार थांबायला नको.

खालचे पटाशीचे दात मात्र फसवे. मूळ एकच, पण दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, आणि आत पुष्कळदा नलिका दोन. आपण ‘रूट कॅनाल करून घेतलं’ म्हणतो ना, त्यातला कॅनाल म्हणजे हीच नळी. दाताची नस आणि रक्तवाहिन्या हिच्यातून आत जातात.

आता उपदाढा. वरची पहिली, बघा, खाली दुभंगली आहे. एक मूळ गालाकडे, दुसरं टाळूकडे. तिला खेटून असलेली दुसरी उपदाढ बहुतेक वेळा एकमुळी. आणि ही कोपऱ्यातली? हीसुद्धा वरची पहिली उपदाढच. हिला मुळं तीन. क्वचित निघतात अशा.

(वरची दाढ, खालून.)

वरची पहिली दाढ तिवईसारखी. दोन मुळं गालाच्या बाजूला, तिसरं, सगळ्यात लांब, टाळूच्या बाजूला. खालच्या दाढेला दोनच, एक पुढे, एक मागे. भिंतीवरच्या तक्त्यात असंच काढलेलं असतं, आणि परीक्षेतही असंच लिहायचं असतं. पण खालची ही दाढ उलटी करा. मागच्या मुळाला चिकटून, जिभेच्या बाजूला, एक बारीक, वाकडं तिसरं मूळ आहे. पूर्व आशियातल्या लोकांत ते चांगलंच आढळतं, युरोपीय आणि आफ्रिकी लोकांत फारच कमी. तक्ता कोणत्या माणसांचे दात बघून काढला, हा प्रश्न इथे विचारायला हवा. तो सहसा कुणी विचारत नाही.

(रेखाचित्र हलू लागतं.)

एकाच दाढेला कधी दोन, कधी तीन मुळं कशी येतात? दाताचा वरचा भाग तयार झाला, की त्याच्या काठावरून पेशींचं एक पातळ आवरण खाली उतरू लागतं. १८७४ मध्ये ऑस्कर हर्टविग यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून ते हर्टविगचं आवरण. ते नळीसारखं सरळ खाली गेलं तर मूळ एक. पण दाढांमध्ये त्याच्या काठावरून आतल्या बाजूला जिभा फुटतात. दोन जिभा मधे भेटल्या की वाटा दोन, तीन भेटल्या की तीन. एका बाजूला भेट अर्धवटच राहिली, तर मुळं जोडलेली राहतात आणि आतली नलिका आडव्या छेदात घोड्याच्या नालेसारखी दिसते. खालच्या दुसऱ्या दाढेत हा प्रकार विशेष. हे काम दात उगवल्यावरही चालूच असतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढेच्या मुळांची टोकं पूर्ण व्हायला नववं-दहावं वर्ष उजाडतं.

(टेबल. काचेच्या बाटल्या. हातमोजे घातलेले हात.)

आता या बाटल्यांकडे या. दात आतून बघायचा, तोही न फोडता. उपटलेला दात आधी स्वच्छ केला जातो, माथ्याला छिद्र पाडून आतला मऊ भाग विरघळवून काढला जातो. मग सौम्य नायट्रिक आम्ल. ते बदलत राहायचं, आणि धीर धरायचा. काही दिवसांनी दातातला चुना निघून जातो, आणि हा बघा, चिमटीत दाबला तर वाकतो. दात वाकतो! यानंतर चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. सुईने नलिकेत शाई. आणि शेवटी मिथाइल सॅलिसिलेट, स्नायूदुखीच्या मलमाचा तो ओळखीचा वास. दाताचा पदार्थ आणि हा द्रव प्रकाशाला जवळजवळ सारखेच वाकवतात, त्यामुळे दाताच्या कडा द्रवात विरून जातात.

(बाटलीत दात पारदर्शक होत जातो. काही क्षण निवेदन नाही.)

झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी याच्या उलट केलं होतं. नलिकांमध्ये रबर भरून घट्ट केलं आणि दातच विरघळवून टाकला. हातात उरली नुसती पोकळीची प्रतिकृती, फांद्या फुटलेल्या झुडपासारखी. १९८४ मध्ये फ्रँक व्हर्टुची यांनी २,४०० दात असेच पारदर्शक करून पाहिले आणि नलिकांचे आठ प्रकार पाडले. एकच सरळ जाणारी, दोन होऊन पुन्हा जुळणारी, एक होऊन शेवटी फुटणारी. पुढच्या अभ्यासकांना या आठांत न बसणारे दात भेटतच राहिले.

(वरची दाढ, पारदर्शक. कॅमेरा पुढच्या मुळावर.)

तीच तिवई. पुढच्या गालाकडच्या मुळात एक नलिका ठळक दिसते. तिच्या आत, टाळूच्या बाजूला, केसासारखी दुसरी शाईची रेघ. निम्म्याहून जास्त दाढांमध्ये ती असते, आणि तिचं तोंड डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, कंगोऱ्याखाली दडलेलं असतं. सपाट एक्स-रेत दोन्ही रेघा एकमेकींवर येतात. रूट कॅनाल करताना ती नजरेतून सुटली तर जंतू आत राहतात आणि उपचार फसू शकतो. कॅमेरा आणखी खाली नेला, तर शाई मुळाच्या अगदी टोकाला बाहेर पडत नाही, अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे, बाजूने पडते.

(दोन छोट्या दाढा शेजारी शेजारी.)

या दोन दुधाच्या दाढा, दोन्ही खालच्या. डावीकडची वेळेआधी काढावी लागली. तिची मुळं फाकलेली आहेत, मधे मोकळी जागा ठेवून. पुढे येणाऱ्या उपदाढेचा कोंब तिथे वाढत होता. उजवीकडची आपोआप पडली. खालून पोकळ, मुळाचा मागमूस नाही. हिलाही दोन मुळं होती.