टाउनीज : ग्लॉस्टर बंदरातील एक अल्पायुषी मालिका

बोस्टनच्या ईशान्येला, केप ॲन भूशिरावर वसलेले ग्लॉस्टर हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील जुने मासेमारी बंदर आहे. १६२३ साली इंग्लंडहून आलेल्या लोकांनी मासळीसाठीच येथे तळ ठोकला आणि तेव्हापासून समुद्राने या गावाला जेवढे दिले तेवढेच हिरावूनही नेले. गावातला ब्राँझचा सुकाणूधारी १९२५ सालचा आहे. अंगात पावसाळी डगला, दोन्ही हातांनी घट्ट आवळलेले सुकाणूचक्र आणि पाण्याकडे लागलेली नजर अशा रूपात तो समुद्रात प्राण गमावलेल्या हजारो मच्छीमारांचे स्मारक म्हणून उभा आहे.

एबीसी वाहिनीने १८ सप्टेंबर १९९६ रोजी, बुधवारी, सुरू केलेल्या ‘टाउनीज’ या विनोदी मालिकेने आपल्या पात्रांसाठी हेच गाव निवडले. त्या काळात तरुण मित्रमैत्रिणींची मालिका म्हटली की न्यूयॉर्कमधील प्रशस्त सदनिका आणि कॉफीचे कप डोळ्यांसमोर येत, कारण एनबीसीवरील ‘फ्रेंड्स’ने १९९४ पासून तोच साचा रूढ केला होता. ‘टाउनीज’मधील मैत्रिणी मात्र उपाहारगृहात वेट्रेसचे काम करतात, आणि लहानपणापासून एकमेकींना ओळखत असल्यामुळे त्यांच्यात झाकून ठेवण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. मालिकेचे निर्माते मॅथ्यू कार्लसन होते आणि निर्मितीसंस्था होती कार्सी-वर्नर. कष्टकरी कुटुंबाच्या संसारातून विनोद काढणारी ‘रोझॅन’ ही मालिका याच संस्थेने १९८८ मध्ये एबीसीवर आणली होती, त्यामुळे कष्टकरी माणसांच्या गोष्टी तिला नवख्या नव्हत्या.

मुख्य भूमिकेत मॉली रिंगवाल्ड होती. १९८० च्या दशकात किशोरवयीनांच्या चित्रपटांमुळे घराघरांत पोहोचलेली आणि पुढे काही वर्षे पॅरिसमध्ये राहिलेली ही अभिनेत्री आता कॅरी डोनोव्हन नावाची वेट्रेस साकारत होती. बेधडक शॅननच्या भूमिकेत जेना एल्फमन आणि डेनिसच्या भूमिकेत लॉरेन ग्रॅहम होत्या. डेनिसचा नवरा रायन झाला होता बिल बर, तर मित्रमंडळींतील कर्टचे काम रॉन लिव्हिंग्स्टनकडे होते. कोंचाटा फेरेल यांची मार्जही त्यांच्या जोडीला होती. रिंगवाल्ड सोडली तर यातील बहुतेक तरुण कलाकारांना तेव्हा कोणी फारसे ओळखत नव्हते.

या मालिकेच्या हाताशी सामग्री मोठी होती, असे मला वाटते. डिसेंबर १९९४ मध्ये केंद्र सरकारने जॉर्जेस बँक या समृद्ध मत्स्यक्षेत्राचा मोठा भाग बंद केला होता, कारण कॉड माशांचे साठे अतिमासेमारीमुळे ढासळले होते. ज्या धंद्यावर गाव उभे राहिले तोच आटत असताना तेथील पंचविशीच्या तरुणांनी गाव सोडावे की तेथेच राहावे, हा प्रश्न विनोदालाही पेलणारा होता, किंबहुना विनोदातूनच तो अधिक खुलला असता. मालिकेचा भर मात्र लग्न, प्रेमप्रकरणे आणि आपसांतील थट्टा यांवरच राहिला. तरीही अशा मालिकेला आपला सूर सापडायला एखादा हंगाम लागतो, आणि तेवढी सवड तिला मिळालीच नाही. ४ डिसेंबर १९९६ नंतर प्रक्षेपण थांबले. तयार झालेल्या १५ भागांपैकी १० भागच प्रेक्षकांनी पाहिले.

वाहिनीने मालिका सोडली, तिच्यातील चेहरा मात्र सोडला नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये त्याच एबीसीवर ‘धर्मा अँड ग्रेग’ सुरू झाली, आणि तिच्यात जेना एल्फमन सॅन फ्रान्सिस्कोतील एका धनाढ्य घराण्याची सून झाली. लॉरेन ग्रॅहम २००० पासून ‘गिलमोर गर्ल्स’मध्ये पुन्हा एका लहान गावात दिसली, पण या वेळी तिच्या पात्राचे आईवडील श्रीमंत होते. उलटा प्रवास एकट्या लिव्हिंग्स्टनचा झाला. १९९९ च्या ‘ऑफिस स्पेस’ या चित्रपटात त्याचा संगणक कर्मचारी कचेरीला विटून अखेर बांधकामावर राबायला जातो, आणि तेथे त्याला बरेच वाटते.

बिल बर तर मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेला आणि वाढलेला होता. एकट्याने मंचावर उभे राहून लोकांना हसवण्याचा व्यवसाय त्याने मालिकेच्या आधीच, १९९२ मध्ये, पत्करला होता, आणि गेली कित्येक वर्षे तो आपल्या राज्याचा ठसठशीत हेल जराही न लपवता मोठमोठी सभागृहे भरवतो आहे.