पडवीखालचे बिऱ्हाड

वेंगुर्ले तालुक्यातील हे चिरेबंदी घर गणपतीला आणि मे महिन्यात उघडते. एरवी घरची मंडळी मुंबईला असतात आणि किल्ली शेजाऱ्यांकडे असते. यंदा मंडळी आली तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात, जोत्यातून निखळलेल्या चिऱ्यापाशी, मोठी घागर आत जाईल एवढे भोक पडलेले होते आणि त्याच्या तोंडाशी गुराचे एक वाळलेले हाड होते. हाड म्हटल्यावर वाडीत बिबट्याचेच नाव निघाले.

हे हाड जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या कडेवर पटाशीने ओढाव्यात तशा समांतर, सपाट खाचा आहेत. बिबट्याच्या किंवा कुत्र्याच्या सुळ्यांनी हाडाला भोके पडतात आणि त्याच्या कडा चेचल्या जातात. अशा खाचा कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पुढच्या दातांनीच उमटतात. साळिंदर हा तसा प्राणी. तो कंदमुळे, साली आणि फळे खातो, परंतु रानात पडलेली हाडे व गळालेली शिंगे बिळाशी ओढून आणतो, कारण ती कुरतडल्याने त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतो व जन्मभर वाढत राहणारे दातही झिजतात. परसातील सुरण उकरलेला होता आणि नव्या माडाच्या रोपांचे कोंब खाल्लेले होते. काळा-पांढरा काटा मात्र एकच मिळाला, तोही लाकडांच्या राशीत.

तरीही खात्री करणे आवश्यक होते, म्हणून संध्याकाळी भोकापुढे चुलीतील राख चाळून पसरण्यात आली. घोरपड गेली असती तर पावलांच्या मधून शेपटीची नागमोडी रेघ उमटली असती. कुत्र्यामांजराची चार बोटे दिसली असती. आणि उदमांजर असते तर आसपास फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली असती. सकाळी राखेत रुंद तळव्याचे ठसे होते आणि त्यांच्या बाजूने काटे घासल्याच्या बारीक रेघा होत्या.

एवढे मोठे भोक एकट्या साळिंदराने पाडलेले नसावे. जुन्या जोत्याच्या आत दगडमातीची भर असते. कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांनी कोपऱ्याची माती पावसाळ्यागणिक धुपत गेली, घुशींनी तेथे बीळ केले आणि बंद घराखालची ती आयती पोकळी साळिंदराने रुंद करून घेतली, असा क्रम येथे दिसतो.

आता त्याला बाहेर काढण्याविषयी. धूर करणे, फटाके टाकणे किंवा काठीने ढोसणे हे उपाय सर्वप्रथम सुचतात आणि तेच सर्वांत वाईट आहेत. साळिंदर काटे फेकून मारतो ही निव्वळ कल्पना आहे. परंतु कोंडीत सापडलेला साळिंदर शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतो आणि मग पाठमोरा वेगाने अंगावर येतो. पूर्ण वाढलेल्या साळिंदराचे वजन ११ ते १८ किलो असते, तेव्हा त्याची धडक किरकोळ नसते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार फासा लावणे, सापळ्यात पकडणे आणि विष घालणे हे सारे शिकारीतच मोडते. म्हणून आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पुढील काम वनरक्षकांच्या देखरेखीखाली करावे.

येथे तसेच केले गेले. आत पिल्ले असताना भोक बुजवल्यास ती आतच मरतात, म्हणून आधी काही रात्री दुरून केवळ पाहणी झाली. बाहेर पडणारे जनावर एकटेच आहे आणि राखेत लहान पाऊल नाही, हे स्पष्ट झाल्यावर भोकाच्या तोंडाशी जाड जाळीची, बाहेरच्या बाजूलाच उघडणारी झडप बसवण्यात आली. साळिंदर काळोख पडल्यावर ती ढकलून बाहेर गेला. परत आल्यावर मात्र त्याला ती उघडता आली नाही. तरीही गवंड्याला लगेच बोलावले नाही. झडपेच्या आत सुकलेला पाला सैलसर भरून ठेवला आणि लागोपाठ काही सकाळी तो जराही हललेला नाही, हे पाहिल्यावरच पोकळीत दगड ठासून नवा चिरा बसवला. जाळी जमिनीत हातभर खोल पुरून तिची कड बाहेरच्या बाजूला वळवली, कारण पायाशी उकरणारे जनावर त्या आडव्या जाळीवर अडते.

लाकडांची रास भिंतीपासून दूर हलवली आहे आणि सुरणाच्या वाफ्याला कुंपण घातले आहे. पागोळ्यांसाठी पन्हळ मात्र अजून बसलेली नाही. मृगाच्या आधी ती बसली नाही, तर याच कोपऱ्यातील माती पुन्हा धुपू लागेल.