काळी पडलेली बोटं

(टबातलं पाणी. त्यात बदकाचे दोन पाय, अगदी जवळून.)

हे पाणी कोमट आहे. 37 ते 39 अंश सेल्सिअस. थर्मामीटर टबातच ठेवलाय, कारण इथे हाताच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. चिंगीच्या पायांना या घडीला जाणीवच उरलेली नाही. पाणी कढत असतं तरी तिनं पाय मागे घेतला नसता. भाजलं असतं आणि तिला कळलंही नसतं.

आता रंग बघा. घोट्यापाशी नेहमीचा पिवळा. बोटांमधल्या पडद्यावर तो राखाडी होत जातो, आणि टोकांना मेणासारखा पांढरा. हा हिमदंश आहे.

(बर्फात उभी बदकं. एकानं पाय पिसांत ओढून घेतलाय.)

बदकाला कसली आलीय थंडी, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा समज बदकांना महागात पडतो. बदकाच्या पायात उतरणारी रोहिणी आणि वर परतणाऱ्या नीला एकमेकींना खेटून असतात. खाली येणारं गरम रक्त आपली ऊब परतीच्या गार रक्ताला देऊन टाकतं आणि बोटांपर्यंत गार होऊनच पोचतं. पाय गोठणबिंदूच्या जेमतेम वर राहतात, पण अंगातली ऊब बर्फात जिरत नाही. पंजात स्नायूही जवळजवळ नसतात. बोटं हलतात ती वरच्या स्नायूंनी ओढलेल्या कंडरांमुळे, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या चिवट पट्ट्यांमुळे. एवढं करूनही गारठा वाढला, तर एक पाय पिसांत घ्यायचा, मग दुसरा. दोन्ही गारठले की पायांवरच बसकण मारायची.

बंदोबस्त चोख आहे, पण तो काठावरचा आहे. पाय ओले राहिले, वारा सुटला, बसायला कोरडी जागा मिळाली नाही, की तो मोडतो. रक्तवाहिन्या आकसतात, पंजात रक्त पोचेनासं होतं आणि पेशींच्या आसपास बर्फाचे स्फटिक धरायला लागतात.

त्यात चिंगी मस्कोवी जातीची. बाकीची बहुतेक पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाची वंशज आहेत, आणि मॅलार्ड उत्तरेकडच्या थंडीला सरावलेलं. मस्कोवीचं मूळ मात्र मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशात. डोळ्यांभोवतीची तिची ती लाल, गाठीगाठींची उघडी कातडीसुद्धा थंडीत अशीच करपते. मस्कोवी पाळणाऱ्यांनी पायांइतकंच चेहऱ्याकडेही लक्ष ठेवायला हवं.

(पुन्हा टब. मालकिणीनं चिंगीला पंखांसकट कवेत धरलंय.)

धरायची पद्धत बघून ठेवा. भार छातीपोटाखाली, पंख अंगाला लागलेले, पाय मोकळे. बदकाला पाय धरून कधीच उचलायचं नाही, आणि अशा पायांचं तर नावच नको.

अर्धा तास तरी लागतो. मधे पाणी निवतं, मग पाय बाजूला घेऊन गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, थर्मामीटर बघायचा आणि मगच पाय आत. चोळायचं नाही, कारण आतले स्फटिक चोळल्यानं पेशी फाडत जातात. शेकोटी नको, हेअर ड्रायर नको, गरम पाण्याची पिशवीही नको. आणि त्याच रात्री पक्ष्याला पुन्हा थंडीत जावं लागणार असेल, तर पाय उबवायला घेऊच नयेत. एकदा सुटलेला पंजा परत गोठला, तर पहिल्यापेक्षा जास्त नासतो.

(चिंगी पाय झाडते. पाणी उडतं.)

जाणीव परत येतेय. ही चांगली खूण आहे, आणि हाच सगळ्यात दुखण्याचा वेळ आहे. वेदनाशामक द्यायलाच हवं. पशुवैद्य सहसा मेलॉक्सिकॅम देतात, वजन करून, मात्रा ठरवून. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी बदकाला देऊ नका. औषध चालू असेपर्यंत, आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, तिची अंडी खायची नाहीत.

(टॉवेलवर पाय. सूज, फोड.)

टिपायचं, पुसायचं नाही. फोड फोडायचे नाहीत. खालच्या उघड्या मांसाला त्या पाण्याचंच पांघरूण आहे.

(काळा पडलेला पडदा. कॅमेरा सरकत नाही.)

काही दिवसांनी पाय असा दिसतो. टोकं काळी, सुकलेली, कडक. ही फिल्म करण्याचं कारण हेच दृश्य आहे. इथे येऊन माणसं कात्री उचलतात, किंवा या पक्ष्यात आता राम नाही म्हणून त्याला संपवतात. दोन्ही घाईचं आहे. मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यामधली रेघ शरीर स्वतः आखतं, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. आज काळा दिसणारा सगळा भाग आतपर्यंत मेलेला असेलच असं नाही. घाईनं कापलं तर जगू शकला असता असा तुकडाही जातो, वर जखम उघडी पडते.

ही रेघ इथे दिसतेय, मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेऱ्याजवळ. वर गुलाबी, खाली काळं. काळं आणि कोरडं असेल तर थांबायचं. ओलं झालं, वास यायला लागला, सूज वर चढू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मग प्रतिजैविकं आणि वेळ आली तर शस्त्रक्रिया, पण तीही त्यांच्याच हातून.

रोज सलाइननं धुणं आणि कोरडं करणं. मलम डॉक्टरांनी दिलेलंच, तेही अगदी पातळ. तेलकट मलम पायावरून पिसांना लागतं, चिंगी चोचीनं ते अंगभर पसरवते आणि पिसं पाणी धरायला लागतात. घरात मऊ अंथरूण, नाहीतर सगळा भार बऱ्या पायावर येऊन त्याच्या तळव्याला गळू होतं. पाण्याचं भांडं खोल पण तोंडाशी अरुंद, म्हणजे चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पाय जाणार नाही. आणि जाळीपलीकडे तिची जोडीदारीण. एकटं बदक खाणं सोडतं, म्हणून रोज वजन करायचं.

(तळ्याकाठी चिंगी.)

डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं आणि पडद्याचा एक तुकडा गळून पडला. उजवा पाय वाचला. ती चालते, पोहते.

(खुराडं. पेंढा पसरणारे हात.)

खुराड्यात आता जाड पेंढा आहे, दारापासून पाण्यापर्यंत फळ्या टाकल्यात, वाऱ्याच्या बाजूला आडोसा केलाय. वरची झडप मात्र थंडीतही उघडीच ठेवायची, कारण बदकांच्या श्वासानं आणि विष्ठेनं आत दमट होतं आणि दमटपणाच पाय गोठवतो. पेंढ्यावर रोज तळहात दाबून बघायचा. ओला लागला तर वरून नवा टाकून भागत नाही, खालचा उपसून काढावा लागतो.