शिडी कोणाची?

फायबरची छोटी होडी, मागे आउटबोर्ड इंजिन आणि आत एक लांब ॲल्युमिनियमची शिडी, टोकाला हुक लावलेले. मासे धरायला निघालेल्याला शिडी कशाला लागते? हे समुद्री चाचे आहेत, हा नेव्हीवाल्यांचा संशय तिथेच पक्का होतो. पण त्या शिडीचे पैसे कोणी दिले, ते बघायचं तर सोमालियाच्या किनाऱ्यावर जावं लागतं.

१९९१ ला सोमालियात हुकूमशहा सियाद बारेचं सरकार पडलं, त्याबरोबर नेव्हीही गेली, आणि ३००० किलोमीटरहून लांब किनाऱ्याला राखणदारच उरला नाही. मग काय, परदेशी ट्रॉलर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या यांत्रिक बोटी, घुसले, मिळेल ते उपसून न्यायला लागले, तिथल्या कोळ्यांची जाळी फाटली तर फाटली. सुरुवातीच्या काही टोळ्या तर स्वतःला कोस्ट गार्डच म्हणवायच्या, ट्रॉलर अडवायच्या आणि 'दंड' घ्यायच्या.

बरेच जण इथेच थांबतात, बिचारे कोळी वगैरे. पण २००८ मध्ये पळवलेला सिरियस स्टार काही ट्रॉलर नव्हता हो, सौदीचा अवाढव्य तेल टँकर होता! तोवर याचा सरळ धंदा झाला होता. वर्ल्ड बँकेच्या अंदाजाने २००५ ते २०१२ मध्ये साधारण ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी गेली, त्यातला ३० ते ५० टक्के वाटा पैसा लावणाऱ्याचा. होडीतल्या पोरांना जेवण आणि नशेचा पालासुद्धा उधारीवर, वाटणीच्या वेळी कापून घ्यायचा.

गरिबी तर कितीतरी किनाऱ्यांवर आहे, मग चाचेगिरी सगळीकडे का नाही? कारण खंडणीची घासाघीस महिनोन् महिने चालते, तेवढा वेळ जहाज उघड्यावर नांगरून ठेवायला एल, होब्यो, हरारदेरेसारखी गावं लागतात, जिथे पोलीस येत नाहीत आणि गावातली वजनदार माणसं सांभाळून घेतात. नायजेरियाकडे बघा, तिथे सरकार आहे, नेव्ही आहे, त्यामुळे जहाज लपवून ठेवणं अवघड, म्हणून टोळ्या खलाशांनाच उचलून नायजर नदीच्या मुखाकडच्या (डेल्टाच्या) खाड्यांमध्ये नेतात.

डिसेंबर २०२३ ला रुएन हे मालवाहू जहाज पळवलं गेलं, म्हणजे सोमालियातला धंदा पुरता बंद झालाच नव्हता. मार्च २०२४ मध्ये भारतीय नेव्हीने १७ खलाशी सोडवले आणि ३५ चाचे पकडून मुंबईत आणले. पैसा लावणारे सहसा जहाजावर चढतच नाहीत.